कौलं, खेकडे आणि सामंत बाई

बाई, तुमच्या शोकसभेत मी हसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तरी तुमच्या कानावर जायचं. मुख्याध्यापक बोलत होते. तुमच्या फोटोला झेंडूचा हार, समोर उदबत्ती, सभागृहात सगळी शाळा मांडी घालून बसलेली. आणि ते म्हणाले, "सामंत बाई म्हणजे मूर्तिमंत शिस्त!" मला फस्सकन हसू आलं. पुढच्या ओळीतल्या पोरींनी मागे वळून बघितलं. मी खोकल्याचं निमित्त केलं, पण पोरींना खोकला आणि हसू यातला फरक कळतो.

शिस्त म्हणजे मी, बाई. पीटीचा परब सर. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडात चोवीस तास 'सावधान'. तुमच्या प्रयोगशाळेतला गोंगाट पार मैदानावर ऐकू यायचा आणि माझ्या कवायतीतली पोरं तिकडे माना वळवायची. मी तावातावाने तुमच्या दारात यायचो. तुम्ही हातात परीक्षानळी धरून म्हणायचात, "परब सर, ओरडताय कशाला? पोरं भांडतायत म्हणजे डोकं चालतंय." मी म्हणायचो, "डोकं गप्प बसूनपण चालतं." तुम्ही म्हणायचात, "कुणाचं?" यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

सभेत सगळे बोलले. तुमचे निकाल, तुमचे पुरस्कार, तुमचा साधेपणा. म्युझियमचं नाव कुणी काढलं नाही. तुमच्याबद्दल दुसरं काही सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण म्युझियमचं नाव निघायला हवं होतं असं मला फार वाटलं. मी उठून बोलणार होतो. पण बसूनच राहिलो.

तर आज बोलतो. काल सहल झाली, बाई. नववीची. तुमच्याशिवाय पहिली.

डॉक्टरांचं ते म्युझियम तुम्ही मला पहिल्यांदा दाखवलंत तेव्हा मी खरंच वैतागलो होतो. वालावलीच्या पुढे खाडीकाठी दोन खोल्यांची कौलारू इमारत, बाहेर डॉक्टरांचा काळा सिमेंटचा अर्धपुतळा, कान जरा जास्तच मोठे. आत बरण्यांमध्ये पांढरे पडलेले मासे, डॉक्टरांचा सूक्ष्मदर्शक, खुर्ची, छत्री. एवढ्यासाठी एसटीची बस करून आणलंत? आमच्या भागात समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणारा पहिला माणूस तो, हे तुम्ही मला पुतळ्यासमोर उभं करून सांगितलंत. लोकांना तेव्हा त्याचं काम कळत नव्हतं. डॉक्टर म्हटल्यावर लोक त्याच्याकडे पोट फुगलेली म्हैस घेऊन यायचे. आणि तो माणूस चष्मा लावून म्हशीलाही तपासायचा, हे तुम्ही इतक्या अभिमानाने सांगितलंत की जणू ती म्हैस तुमच्याच माहेरची.

पण सगळ्यात जास्त वेळ तुम्ही पोरांना कुठे उभं करायचात? कौलांपुढे. कोपऱ्यात ठेवलेली साधी मंगलोरी कौलं. डॉक्टरांना वाटलं होतं की खाडीत कौलं टाकली तर त्यांच्यावर कालवांचे शिंपले वाढतील आणि गावाला धंदा मिळेल. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी शिरलं आणि सगळी कालवं मेली. कौलं रिकामीच वर आली. ती डॉक्टरांनी फेकली नाहीत. तुम्ही पोरांना म्हणायचात, "नीट बघा. इथे काहीही उगवलेलं नाही." आणि मग ते तुमचं ठरलेलं वाक्य, "आता सगळ्यांनी मिळून डॉक्टरांची आणखी एक चूक शोधा. एवढ्या मोठ्या माणसाची एकच कशी असेल?"

यावरून आपलं जे भांडण झालं ते मिटलंच नाही. मी म्हणायचो, थोर माणसाच्या घरी आलोय, हार घालावा, दोन मिनिटं शांत उभं राहावं, त्याचे कष्ट पोरांना सांगावेत. चुका कसल्या शोधताय? आपण पाहुणे आहोत की झडती घ्यायला आलोय? तुम्ही म्हणायचात, "हार घातला की पोरं नमस्कार करतात आणि विसरतात. चूक सापडली की घरी जाऊन सांगतात." परतीच्या वाटेवर तुम्ही खिडकीकडेला, मी आडव्या दांड्याला धरून उभा, आणि आपण कुडाळ येईपर्यंत तेच घोळवत असायचो. एकदा ड्रायव्हरने बस कडेला घेतली आणि म्हणाला, "तुमचां ठरूंदे, मगे जाऊया." मागची सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली.

गाऱ्हाण्यावरूनही तसंच. कुठेही निघताना देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय माझं पाऊल निघत नाही. आमच्या घराकडे गावातला मान आहे, गाऱ्हाणं माझ्या आजोबांकडून माझ्या तोंडी आलेलं. बसच्या पुढच्या चाकाशी मी उभा राहायचो, "बा देवा म्हाराजा, ही पोरां आज भायर पडली आसत, तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!" आणि सगळी पोरं बेंबीच्या देठापासून, "व्हय म्हाराजा!" तुम्ही मात्र मागच्या चाकाशी पर्स धरून गप्प. तुम्ही कधी 'व्हय' म्हणाला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "गाऱ्हाणं छान आहे हो. पण ड्रायव्हरला हळू चालव म्हणून सांगितलंत का?" मी सांगितलेलं असायचं. दोन्ही करावं लागतं, बाई, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं.

आणि मग ते वर्ष, नारळाचं. आठवतंय? नववीतला तो बुटका पोरगा घरून दप्तरात नारळ घालून आला. कुणाला काही कळायच्या आत त्याने तो डॉक्टरांच्या पुतळ्यापुढे ठेवला, हात जोडले आणि माझ्याच सुरात सुरू झाला, "बा डॉक्टरा म्हाराजा! आज आमी लांबसून तुझ्या दाराक इलाव. आमका सायन्सात पास कर. आकृतीचे मार्क कापूंक देव नको. आणि सामंत बाईंचो राग वायच कमी कर रे म्हाराजा!" पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि नारळ पुतळ्याच्या चौथऱ्यावर फुटला. पाणी थेट डॉक्टरांच्या नावाच्या पाटीवर.

म्युझियमच्या किल्ल्या सांभाळणारे नाना, डॉक्टरांचे पुतणे, धावत बाहेर आले. मी शिट्टी तोंडात घेतली. मला वाटलं, आता बाई या पोराचं काही ठेवत नाहीत. विज्ञानाच्या म्युझियमपुढे नारळ! आणि बघतो तर तुम्ही पोट धरून हसताय. डोळ्यांतून पाणी. हसून झाल्यावर तुम्ही त्या पोराच्या डोक्यावर टपली मारलीत. तुम्ही एरवी शाळेत शुद्ध बोलायचात, पण खूप आनंद झाला किंवा खूप राग आला की मालवणीत यायचात. तुम्ही म्हणालात, "अरे, इतक्या मोठ्या माणसाकडे येवन पास कर म्हणान मागतंस? काय विचारूचां तां विचार! तेंका आवडात."

तेव्हापासून दरवर्षी डॉक्टरांपुढे गाऱ्हाणं सुरू झालं, प्रश्नांचं. "समुद्राक भरती येता, मगे आमच्या बावीच्या पाण्याक कित्या येणा नाय रे म्हाराजा?" "व्हय म्हाराजा!" "माशाक पापण्यो नाय, मगे तो निजता कसो रे म्हाराजा?" "व्हय म्हाराजा!" नाना आधी कपाळाला हात लावायचे. नंतर नंतर तेच नारळ आणून ठेवायला लागले. नारळाचं खोबरं पोरांनी वाटून खाल्लं की तुम्ही एकेक प्रश्न उकलायला बसायचात आणि जे येत नसेल ते येत नाही म्हणून सांगायचात. 'व्हय' मात्र तुम्ही तेव्हाही म्हणाला नाहीत. तुमचं म्हणणं, प्रश्नाला 'व्हय' कसं म्हणणार? मी म्हणायचो, 'व्हय' म्हणजे तुमच्या पाठीशी आम्ही आहोत. हेही भांडण तसंच राहिलं.

एक गोष्ट मात्र भांडणाची नाही आणि ती मी तुम्हाला कधी तोंडावर बोललो नाही. शाळेत पीटीच्या तासाची किंमत काय असते ते तुम्हाला माहीत आहे. गणिताचा भाग राहिला, घ्या पीटीचा तास. इंग्रजीची चाचणी, घ्या पीटीचा तास. माझा तास म्हणजे गावातली पडीक जमीन, कुणीही गुरं सोडावीत. तुम्ही एकदाही माझा तास मागितला नाहीत. उलट एका सकाळी पोरं घेऊन तुम्हीच मैदानावर आलात आणि म्हणालात, "माझा तास घ्या. यांना दमेपर्यंत पळवा. मग नाडी मोजू." पोरं पळाली, दमली आणि मनगट धरून गवतात बसली. तुम्ही मलाही पळायला लावलंत आणि सगळ्यांपुढे माझी नाडी मोजून सांगितलंत की सरांचं हृदय दहावीच्या पोरांपेक्षा चांगलं आहे. त्या दिवसापासून पोरं माझ्याकडे शिक्षक म्हणून बघायला लागली. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "मगे बाईंका एकदा जेवूक बोलवा." तुम्ही आलात, कुर्ल्यांचं सार खाल्लंत आणि ताटातल्या खेकड्याचे पाय मोजायला लावून माझ्या धाकट्याला जेवू दिलं नाहीत.

मग गेल्या वर्षीची सहल. तुमच्या आजाराचं शाळेत तेव्हा फक्त मला माहीत होतं. मला सांगितलंत तेसुद्धा कामापुरतं, कारण सहलीत कुठे किती चढायचं हे ठरवणारा मी. "कुणाला बोलू नका, नाहीतर मला घरी बसवतील." मी नाही बोललो. म्युझियमच्या जांभ्याच्या पायऱ्या चढताना तुम्ही मध्येच थांबलात आणि दगडावरचं शेवाळ पोरांना दाखवायला लागलात. पोरं खाली वाकून शेवाळ बघत होती आणि मी तुमचा श्वास बघत होतो.

आत आल्यावर तुम्ही मासे ठेवलेल्या कपाटाला टेकलात. चेहरा कागदासारखा पांढरा. समोर डॉक्टरांची खुर्ची, भोवती दोरी, दोरीला पाटी, 'खुर्चीवर बसू नये'. मी आयुष्यात पाटीच्या विरुद्ध वागलो नाही. मी दोरी वर केली, रुमालाने खुर्ची पुसली आणि म्हटलं, "बसा."

"परब सर, पाटी वाचूक नाय काय?" तुम्ही म्हणालात.

"पाटी पोरांसाठी आसा. बसा म्हणतंय ना."

नानांनी बघितलं. ते खिडकीची काच पुसायला वळले. मग तुम्ही बसलात. पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. ती खुर्चीभोवती जमिनीवर बसली आणि विचारायला लागली, "बाई, खुर्चीत बसान कसां वाटता?" तुम्ही जरा हललात, इकडे तिकडे बघितलंत आणि म्हणालात, "टोचता. ह्येच्यार बसान डॉक्टर विचार करीत होते म्हणजे खरेच मोठे." सगळी खोली हसली. मी बाहेर गेलो. तुम्हाला वाटलं असेल मी पोरं मोजायला गेलो. मी पुतळ्यामागे उभा राहून रडलो, बाई.

आपली शेवटची भेट तुमच्या घरी. दिवाळी नुकतीच झाली होती, दारातली रांगोळी अर्धी पुसलेली. मी शहाळं घेऊन आलो होतो. तुम्ही दोन घोट प्यायलात आणि शाळेचं विचारलंत. मग एकदम म्हणालात, "यंदा सहल सरळ शिरोड्याला न्या. म्युझियमचा हट्ट नको. पोरांना समुद्रात खेळू दे."

मी म्हटलं, "बघू." तुमचे डोळे मिटायला लागले होते. तुमच्या मुलीने खूण केली, मी उठलो. बोलणं तिथेच राहिलं. 'मी नेतो' एवढंच मला म्हणायचं होतं. तुम्ही खरंच सोडून दिलं होतंत की मी विरोध करावा म्हणून बोललात, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कुणी विरोध केला की किती आवडायचं, हे माझ्याएवढं कुणाला माहीत?

सहलीची बैठक झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी सरळ शिरोडा लिहिलं. नवे विज्ञान शिक्षक अजून यायचेत. "सामंत बाई होत्या तोवर ठीक होतं. आता त्या म्युझियममध्ये जाऊन मुलं काय करणार? बरण्या बघणार?" मी म्हटलं, "सकाळी म्युझियम, दुपारी शिरोडा. मी नेतो." कुणीतरी म्हणालं, "आणि शिकवणार काय? कवायत?" सगळे हसले. मीही हसलो, कारण मलाही तोच प्रश्न पडला होता. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "बरं, यंदा न्या. पण त्यातून मुलांना काय मिळालं ते मला दिसलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षीपासून म्युझियम बंद." म्हणजे तुमचं ते सगळं भांडण, कौलं, चुका, सगळं माझ्या गळ्यात. आणि माझ्या गळ्यात तर फक्त शिट्टी.

काल सकाळी गाऱ्हाणं घातलं. ड्रायव्हरला हळू चालव म्हणूनही सांगितलं. बसमध्ये तुमच्या खिडकीच्या जागेवर कुणी बसलं नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

म्युझियमपाशी नाना वाट बघत होते. त्यांनी नारळ ठेवलेलाच होता. पोरांनी हार घातला. मी माझ्या आवाजात सुरुवात केली, "बा डॉक्टरा म्हाराजा, दरवर्षीप्रमाणे ही पोरां तुझ्याकडे इली आसत, तेंच्या मनात काय आसा तां ऐक रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि मी बाजूला झालो. कुणी पुढे आलं नाही. पोरं हात जोडून, माना खाली घालून उभी. एकही आवाज नाही. तुमच्या तासाला पोरं गप्प बसावीत म्हणून मी वर्षानुवर्षं डोकं फोडलं. काल ती शांतता मला मिळाली आणि मला ती सहन होईना. मी म्हटलं, "अरे, विचारा काहीतरी!" शिट्टी वाजवून प्रश्न येत नाहीत, बाई.

आत नेलं. पाट्या वाचून दाखवल्या. कौलांपुढे उभा राहिलो आणि तुमचंच वाक्य म्हणून बघितलं, "इथे काहीही उगवलेलं नाही." माझ्या तोंडी ते पंचनाम्यासारखं वाटलं. पोरांनी माना डोलावल्या. नाना म्हणाले, "सर, पोरां गुणी आसत यंदाची." मी मनात म्हटलं, झालं, म्युझियम बंद.

तेवढ्यात सानिका माझी बाही ओढायला लागली. ती खाडीपलीकडच्या वाडीतली, वर्गात आवाज नसलेली पोर. भिंतीवर खाडीतल्या जीवांची जुनी चित्रं आहेत ना, त्यातला तो एका मोठ्या नांगीचा बारका खेकडा, चिखलात असतो तो. खाली लिहिलंय, 'नराची उजवी नांगी मोठी असते.' सानिका माझ्या कानाशी म्हणाली, "सर, ह्यां चुकीचां आसा. आमच्या बांदार मी डावो डेंगो मोठो असलेले बघलंय."

ती हळू बोलली, पण नानांनी ऐकलंच. "काय गो, डॉक्टरांची चूक काढतंस?" नाना दुखावले होते. काकांची चित्रं त्यांनी जिवापाड जपलेली. सानिकाचा चेहरा एवढासा झाला. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. आणि बाई, माझ्या तोंडाशी आलं होतं, 'गप्प, ओळीत उभी राहा.' खोटं कशाला सांगू? मोठ्या माणसाच्या घरी असं बोलू नये, हे मला आजही वाटतं. पण खोलीत सकाळपासून पहिला प्रश्न आला होता.

मी नानांना विचारलं, "नानानू, खाडीक आता ओहोटी आसा मा?"

"आसा," नाना म्हणाले, नाइलाजाने.

"मगे चला."

सगळी वरात खाडीवर. बूट-चपला काठावर काढल्या. कांदळीच्या मुळांपलीकडे चिखल उघडा पडला होता आणि त्यावर ते खेकडे, शेकड्याने, नांग्या वरखाली करत. पोरांनी बघितलं, आरोळी ठोकली आणि धावली. एका क्षणात सगळा चिखल रिकामा. नुसती बिळं. जरा थांबून एखादा डोकं काढी, की कुणीतरी "थंय बघ, थंय!" म्हणून बोट दाखवी आणि तो आत. असं किती वेळ चाललं. सानिका रडकुंडीला आली. नाना म्हणाले, "ऱ्हवांदे सर, पोरां खंय गप ऱ्हवतत?"

तेव्हा मला सुचलं. मी शिट्टी तोंडात घेतली नाही, शिट्टीने तर ते पाताळात गेले असते. मी मैदानावरच्या आवाजात, पण हळू, म्हटलं, "विश्राम... सावधान!"

बाई, पोरं घोट्याएवढ्या चिखलात सावधानमध्ये उभी राहिली. टाचा जुळवून, हात मांड्यांशी, नजर समोर. नानासुद्धा. वर्षभर उन्हात मी त्यांना ज्यासाठी छळलं ते सगळं त्यांच्या अंगात होतं. पापणी हलेना. खाडीवर फक्त पाण्याचा आवाज. आणि मग एका बिळातून डोळ्यांच्या दोन काड्या वर आल्या. मग शेजारच्या. मग आमच्या पायांपाशी सगळीकडे. एक उजवा. एक डावा. परत डावा. सानिकाच्या अंगठ्याजवळ एक मोठा डावखुरा येऊन नांगी हलवायला लागला आणि ती पोर सावधानमध्येच, ओठ न हलवता म्हणाली, "सर, बघा."

मी बघितलं. नानांनी बघितलं. मी "विश्राम" म्हटल्यावर जो कालवा झाला तो तुमच्या प्रयोगशाळेत कधी झाला नसेल. एकजण म्हणे डॉक्टर चुकले. दुसरा म्हणे डॉक्टर कशाला चुकतील, चित्र काढणाऱ्याने एकच खेकडा बघितला. नाना म्हणाले, "पाटी रंगवणाऱ्याचीच चूक, माझे काका असां लिवचे नाय." एक पोरगी म्हणाली, मग डावे जास्त की उजवे, मोजूया. परत सावधान. परत विश्राम. परत भांडण. भरती सुरू झाली, ड्रायव्हर वर हॉर्न वाजवून दमला, आणि शिरोडा राहून गेला. मी पोरांना विचारलं होतं, समुद्रावर जायचं की इथेच? एकानेही समुद्र म्हटलं नाही.

शाळेत पोचलो तेव्हा मुख्याध्यापक फाटकात उभे. गुडघ्यापर्यंत चिखलाची पोरं बघून त्यांचा चेहरा लाल. "हे काय, परब? शिरोड्याला चिखल कुठून आला?" मी काही बोलायच्या आत पोरांनी त्यांना घेरलं. डावा, उजवा, डॉक्टर, रंगारी, सगळे एकदम. मुख्याध्यापक दोन्ही हात वर करून "एकेकाने! एकेकाने!" म्हणत होते. मग ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "पण मग जन्मतःच ठरतं का रे, डावा की उजवा?"  कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. मुख्याध्यापक माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या वर्षी जरा लवकर निघा."

तर बाई, तुमचं खरं निघालं. चूक सापडली की पोरं घरी जाऊन सांगतात. काल अख्ख्या तालुक्यात खेकडे फिरले असतील. हे मी मान्य करतो, मोठ्या मनाने.

पण माझंही ऐका. तुमची सगळी भांडखोर प्रजा चिखलात नाचली असती तर तुम्हाला संध्याकाळपर्यंत बिळं मोजावी लागली असती. सावधान म्हटलं, तेव्हा खेकडा दिसला. इतकी वर्षं तुम्ही मला हसलात आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, नाना साक्षीला. वाटेत बसमध्ये तुमच्या रिकाम्या जागेशी मी दांडा धरून उभा होतो आणि हे सगळं तुम्हाला कसं सुनवायचं ते मनात जुळवत होतो. कुडाळ आलं तेव्हा माझं जुळवून झालं होतं.

जिंकलो मी, बाई. आता बोला. बोला ना काहीतरी.